चांदणी नसलेली चौकट

नावापुढे लाल चांदणी. पासपोर्टपुढे लाल चांदणी.
रक्तगटापुढे, पी. ओ. बॉक्सपुढे, कंपनीच्या शिक्क्यापुढे.
अगदी तळाला एकच चौकट बिनचांदणीची:
गावाकडचा आणखी एक नंबर. ऐच्छिक.

ऐच्छिक हा शब्द मीच टाकला होता
फिकट राखाडी अक्षरांत,
सोहारला आलो त्याच्या दुसऱ्या आठवड्यात,
एसीचं पाणी बादलीत ठिबकत असताना.
आणि त्याच चौकटीमागे, हाताच्या सवयीनं, नियमही ठेवला:
आकडेच हवेत. दहा तरी हवेत.
रिकाम्या जागेत आकडे शून्य असतात,
आणि शून्य दहापेक्षा कमी.
यंत्राचं काही चुकलं नाही.

तीन महिन्यांनी फोन आला
बंदराच्या रस्त्यावरच्या टायपिंग सेंटरातून.
रिझवाना परकार, मूळच्या हर्णैच्या.
"देगलूरकर, हे तुमचं कसलं हो ऐच्छिक?
पत्रिकेत छापायचं आहेर आणू नये
आणि मांडवाच्या दारात वही घेऊन बसायचं!"

मग इतके दिवस फॉर्म पुढे गेले कसे, मी विचारलं.
थोडा वेळ नुसता प्रिंटरचा आवाज.
"दुकानाचा नंबर घालत होते."

रात्री तक्ता उघडला.
नाकारलेल्यांच्या यादीत टिंबं होती, आडव्या रेघा,
एक 'नाही', एक 'नो घर',
आणि कुणाची तरी नुसती स्पेस,
दार ढकलून बघावं तशी सात वेळा.
स्वीकारलेल्यांत
झारखंडचा वेल्डर, सियालकोटचा रंगारी,
चितगावचे दोघे सख्खे भाऊ,
मिळून दोनशे त्रेसष्ट माणसं,
आणि सगळ्यांच्या गावी एकच फोन,
काचेच्या काउंटरवर, करकच्या कपाशेजारी.
आकडेच होते. दहाच्या वर होते.
माझा नियम त्यांच्यावर खूश होता.

माझीही ओळ होती त्यात, चाचणीसाठी भरलेली.
दुसरा नंबर देगलूरच्या घरचा,
जो दोन वर्षांपूर्वी बंद केला आम्ही.
तोही पास.

"एकदा वाजला हो तो," परकारबाई म्हणाल्या.
"ऑगस्टात, रात्री दीडला. क्लिनिकमधून.
पोशन्ना तुमचा कोण? क्रेनखाली चक्कर येऊन पडलाय.
मला तर चेहराही आठवेना.
माझाच, म्हटलं.
तेलुगू येत नाही मला. त्याला हिंदी तोडकीमोडकी.
सलाइन संपेस्तोवर बसले आपली.
भाऊ म्हणून लिहिलं त्यांनी त्याला, मी खोडलं नाही."

दुरुस्ती एवढीशीच:
आधी दोन्ही कडांच्या मोकळ्या जागा झाड.
मग काहीच उरलं नाही, तर जाऊ दे.
काही उरलं, तरच बघ.

शुक्रवारी दुपारी, दुकानांची शटरं खाली असताना, चढवली.
शनिवारी पहिला फॉर्म: तळाची चौकट कोरी,
आणि खाली हिरवी बरोबरची खूण.
"गेला!" फोनवर परकारबाई. "काय केलंत?"
"एक ओळ."
"एका ओळीला तीन महिने?"
यावर मी काय बोलणार.

राहिले ते दोनशे त्रेसष्ट.
एकाच आज्ञेत रिकामे होणार होते.
आज्ञा लिहून तयार, बोट एंटरवर,
तरी एकदा त्यांना विचारलं.
"पुसा की," त्या म्हणाल्या, "इथं भाडं झेपत नाही,
एवढे नातेवाईक कुठून झेपायचे?"
मग कुणाला तरी पासपोर्टच्या दोन झेरॉक्स दिल्या,
सुटे पैसे मोजून घेतले.
"पोशन्नाचा राहू दे तेवढा.
त्याला विचारलंय मी."

आज्ञेत एक अट वाढवली.
यंत्र म्हणालं,
दोनशे बासष्ट ओळी बदलल्या.